कंदील धरायला माणूस

थंडी ओसरली की बोगद्याला पाझर फुटायचा. चार महिने दगडांच्या सांध्यांत गोठून बसलेलं पाणी सुटायला लागायचं आणि जाता जाता एखाद्या दगडाला सैल करून जायचं. डोंगराच्या पोटातून सव्वा मैल गेलेला तो बोगदा दीडशे वर्षांपूर्वी हातांनी खोदलेला आणि आतून घडीव दगडांनी बांधून काढलेला. त्यातला एक दगड जरी निखळून रुळावर आला, तरी गाडीचं काय होईल हे कुणी बोलत नसे. म्हणून या दिवसांत रोज सकाळी एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन आत शिरायचा आणि एकेक दगड ठोकत जायचा. भरीव दगड खणकन वाजतो. मागून पोकळ झालेला दगड ढब्ब वाजतो. ढब्ब वाजला की त्यावर खडूने वर्तुळ काढायचं, मग गवंडी येऊन तो पक्का करणार. काम एवढंच. पण यात चूक झाली तर ती सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

या कामावरच्या माणसाला रेल्वेतले लोक ठोक्या म्हणत. मामंजी, म्हणजे या घरच्या सुनेचे सासरे, छत्तीस वर्षं ठोक्या होते, आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील. बोगद्याच्या तोंडासमोर उंच दगडी कमानींचा पूल होता आणि पुलाच्या पलीकडे ठोक्याचं दोन खोल्यांचं घर. घर नोकरीबरोबर आलेलं, नोकरीबरोबर जाणारं. गाडी जवळून गेली की फळीवरची भांडी वाजत. सासूबाई चुलीकडे पाठ करून सांगत, "पातेली वाजली, मालगाडी गेली. आता कपबश्या वाजल्या की पॅसेंजर." घड्याळ घरात होतं, पण ते शोभेला.

सुनेचा नवरा डोंगराखालच्या वर्कशॉपमध्ये सुतार होता आणि सुट्टीच्या दिवशी वर यायचा. बापाची हातोडी त्याने घेतली नव्हती. लहानपणी एकदा बोगद्यात नेला तर, गाडी आली की आडोशाला सरकायला भिंतीत कोनाडे ठेवलेले असतात, त्यातल्या पहिल्याच कोनाड्यात बसून जो रडला, तो गाडी येऊन गेली तरी उठेना. "माझ्या छातीवर डोंगर बसतो," असं तो आजही हसत हसत सांगायचा. हसणं खरं नव्हतं, हे बायकोला कळायचं. त्यामुळे या घराण्याची हातोडी मामंजींबरोबर संपणार, हे सगळ्यांनी न बोलता मान्य करून टाकलं होतं.

सून बोगद्यात जायला लागली ती दोन वर्षांपूर्वी, आणि तीही अपघाताने. डबा घरी राहिला म्हणून ती तो घेऊन आत गेली. मामंजी लांब, पाठमोरे, रुळांच्या मधोमध उभे राहून छताला ठोकत होते. तेवढ्यात तिच्या पाठीमागून वारा आला. बोगद्यात गाडीच्या आधी वारा येतो. मग गाडीची शिट्टी झाली. मामंजी हलले नाहीत. ती ओरडली. मामंजी हलले नाहीत. डबा टाकून ती धावत सुटली, त्यांच्या कोटाची बाही धरली आणि दोघंही कोनाड्यात कोसळले. हातभर अंतरावरून सगळी गाडी गेली.

धूर-धूळ खाली बसल्यावर मामंजी कोट झटकत म्हणाले, "ऐकू आली होती मला. निघतच होतो."

डब्याचं झाकण रुळावर चपटं होऊन पडलं होतं, ते तिने उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना मामंजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "कंदील धरायला येत जा बरोबर. माझे गुडघे दुखतात हल्ली."

गुडघे आणि कंदील यांचा काय संबंध, हे तिने विचारलं नाही. कंदील कसला, बॅटरीवरचा दिवाच तो, पण रेल्वेत त्याला कंदीलच म्हणायची पद्धत. ती रोज तो धरून जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की मामंजी दगड ठोकतात आणि दगडाकडे बघतच नाहीत. तिच्या हातातल्या कंदिलाकडे बघतात. दगड खणकन वाजला की साहजिकच ती एक पाऊल पुढे सरकायची, आणि कंदील पुढे गेला की मामंजीही पुढचा दगड घ्यायचे. दगड ढब्ब वाजला की तिचं पाऊल आपोआप अडायचं. कंदील जागचा हलला नाही की मामंजी खिशातून खडू काढायचे.

बस्स, एवढंच. यावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत. सासऱ्याला 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं सुनेने कसं म्हणायचं? आणि सुनेला 'तूच माझे कान' असं सासऱ्याने कसं म्हणायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. बाहेर उजेडात ते समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखत, आणि नाही ओळखता आलं तर 'हां हां' करून मान डोलवत. रुळांची डागडुजी करणाऱ्या गँगची माणसं चेष्टेने तिला कंदीलवाली म्हणायला लागली. तिला राग येत नसे. उलट सकाळी बोगद्याच्या तोंडाशी तो थंड, ओल्या दगडाचा वास आला की तिला बरं वाटायचं. माहेरी आणि सासरी, आजवर कुणी तिला इतका वेळ गप्प राहून ऐकायला लावलं नव्हतं. हळूहळू तिला खणकन आणि ढब्ब यांच्या मधलेही आवाज कळायला लागले. कोरडा, ओला, कडेने सुटलेला, अजून दोन वर्षं टिकेल असा.

यंदा पाझर फुटला आणि त्याच आठवड्यात सुपरवायझर कागद घेऊन घरी आला. चांगला माणूस. पण चांगल्या माणसाच्या हातून वाईट बातमी आली की भांडताही येत नाही.

"ठोकेमामा," तो तोंडासमोर येऊन मोठ्याने म्हणाला, "आपली लाइन वारशाच्या यादीत जाणार! पूल, बोगदा, सगळं! लांबून लोक बघायला येतील!"

"चांगलं आहे," मामंजी म्हणाले.

"आता असं आहे की तपासायला मशीन आलंय. ट्रॉलीवरून फिरतं, दगडामागचं सगळं दाखवतं. मग ठोक्याची जागा ठेवायची कशाला, असं वर म्हणतात. पण यादीचं काम बघणाऱ्या बाई आहेत, त्या म्हणाल्या, ही कला पण वारसाच आहे. ती अजून खरी उतरत असेल तर एक जागा ठेवू. तर परीक्षा आहे. तिसऱ्या आणि चौथ्या कोनाड्याच्या मधले दगड. मशीनने आधीच बघून ठेवलेत. तुम्ही ठोकून सांगायचं कुठले पोकळ. जमलं तर जागा राहिली."

"आणि नाही जमलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

सुपरवायझरने घराच्या छताकडे बघितलं. "इथे तिकीट-खिडकी करायचं चाललंय. बघायला येणाऱ्यांसाठी. हातोडी काचेच्या पेटीत ठेवतील."

"आणि आम्हाला?" सासूबाई म्हणाल्या. "आम्हाला ठेवायला पेटी आहे का?"

सुपरवायझर चहा न घेताच गेला. मामंजी 'हां हां' म्हणत त्याला पुलापर्यंत पोचवून आले. किती कळलं होतं कोण जाणे, पण परत येऊन त्यांनी हातोडी काढली आणि दांड्याला तेल चोळत बसले. हातोडीला ते कुणाला हात लावू देत नसत. धुणं, पुसणं, खुंटीला अडकवणं, सगळं स्वतः.

सुट्टीच्या दिवशी नवरा आला, त्याने ऐकलं आणि सुटकेचा श्वास टाकला. "बरंच झालं. खाली वर्कशॉपजवळ एक खोली बघून ठेवली आहे मी. नळ घरात. दुकान समोर. बाबांनी किती वर्षं अंधारात काढायची? आणि तू पण सुटशील."

"मी कशातून सुटणार?" ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. ती दारात बसून त्याच्या वडिलांचे बूट चिंध्यांनी कोरडे करत होती.

"तुला आवडतं तिथे?" त्याने विचारलं. आवाजात जरा दुखावलेपण होतं. आपल्याला जे जमलं नाही ते बायकोला आवडतं, हे पचायला वेळ लागतो.

"आवडतं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुमच्यावर रागावून नाही. नुसतंच आवडतं."

संध्याकाळी खाली जायच्या आधी त्याने हातोडीचा दांडा हातात न घेता, खुंटीवरच फिरवून बघितला आणि म्हणाला, "जरा जाड आहे बाबांच्या हाताला. वय झालं. थोडा तासून देऊ का?" मामंजींनी मान डोलवली तेव्हा त्याने खिशातून छोटा रंधा काढला. सुतार तो, तेवढंच त्याच्या हातात होतं. तासून झाल्यावर त्याने दांडा बायकोच्या मुठीला लावून बघितला, आणि आणखी दोन हात रंधा मारला.

परीक्षेला दोन दिवस उरले तेव्हा सासूबाईंनी सुनेला भांड्यांच्या फळीखाली गाठलं.

"मी काय म्हणते, पोकळ आला की तू खोकायचंस. त्या बाईला वाटेल धुळीने."

सून बघतच राहिली. "आई, तुम्हाला..."

"मला काय? मी चाळीस वर्षं बोलते आहे, ह्यांनी कधी ऐकलंय? बहिरे कधी झाले ते आधी कळलंच नाही मला!" सासूबाईंचे डोळे मात्र भरून आले. "मग एकदा सगळी भांडी वाजली, पातेली, कपबश्या, सगळी, आणि हे मला म्हणाले, आज गाड्या बंद आहेत का गं? त्या दिवशी कळलं. मी हो म्हटलं. बंद आहेत म्हटलं."

त्यांनी पदराने एक कपबशी उगाच पुसली.

"पण आई," सून म्हणाली, "मी खोकले तर ते त्यांना ऐकू कसं येणार?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मग दोघींना एकदम हसू फुटलं, आणि ते मामंजींना दिसू नये म्हणून दोघी भिंतीकडे तोंड करून हसल्या. तीन माणसांचं घर, आणि तिघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती.

"काही नको," सून शेवटी म्हणाली. "कंदील आहे ना माझ्या हातात. नेहमीसारखंच होईल."

परीक्षेच्या दिवशी दोन तास गाड्या बंद ठेवल्या होत्या. बोगद्याच्या तोंडाशी जनरेटर आणून लावला होता, आणि त्याच्या जाड वायरी रुळांच्या कडेने आत गेल्या होत्या. तिसऱ्या कोनाड्याजवळ माणसाच्या उंचीचे तीन दिवे पेटले होते. सून तिथे पोचली आणि दचकली. दोन वर्षांत तिने बोगदा असा पाहिलाच नव्हता. काजळी, शेवाळ, जुन्या खडूंची अर्धवट पुसलेली वर्तुळं, सगळं उघडं पडलेलं. झोपलेल्या माणसावरचं पांघरूण ओढावं तसं झालं तिला.

यादीचं काम बघणाऱ्या बाई उंच बूट घालून आल्या होत्या. वागायला साध्या. त्यांनी मामंजींना नमस्कार केला, हातोडीकडे प्रेमाने बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "तुम्ही कंदील बंद करून इकडे मागे येता का? फोटोत त्याची तिरीप येते. आज उजेड आहे भरपूर."

"मी रोज धरते," ती म्हणाली.

"हो, पण आज नको. आज फक्त त्यांना करू दे."

हुकूम नव्हता तो. विनंतीच होती. म्हणूनच नाही म्हणता येईना. ती सुपरवायझरशेजारी जाऊन उभी राहिली. विझलेला कंदील तिच्या हातात लोंबत होता.

मामंजींनी पहिला दगड ठोकला. आणि सवयीने डावीकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं, नुसता पांढरा उजेड. त्यांनी पुन्हा ठोकला, पुन्हा बघितलं. मग दुसरा दगड. मग परत पहिला. सुपरवायझर घसा खाकरत म्हणाला, "मामा, सांगा की कसा आहे." मामंजींची पाठ होती, त्यांना ओठ दिसत नव्हते. त्यांच्या मानेवर घाम आलेला सुनेला दिसला. एवढ्या गारठ्यात घाम. पुढे व्हावं की नाही? पुढे झालं तर सगळ्यांदेखत त्यांची मूठ उघडी पडणार.

तिचं ठरायच्या आतच मामंजींनी खडू खिशात टाकला आणि ते वळून सुपरवायझरपाशी आले.

"साहेब," ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

ज्याला ऐकू येत नाही तो मोठ्याने बोलतो. दोन वर्षं लपवलेलं ते वाक्य बोगद्याने घेतलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा म्हणून दाखवलं. ज्यांना ते ऐकू आलं नाही असे तिथे मामंजी एकटेच होते. सुनेने मान खाली घातली.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "ठोकतो मी, ऐकते ती. परीक्षा घ्यायची तर तिची घ्या." आणि जी हातोडी कधी कुणाला चालवू दिली नव्हती, तिचा दांडा त्यांनी सुनेपुढे धरला.

सुपरवायझर काही बोलणार होता, पण त्या बाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

तिने हातोडी घेतली. दांडा मुठीत नीट बसला. नवऱ्याने तो आपल्या मुठीला का लावून बघितला होता, ते तिला आत्ता कळलं. तिने ठोकलं. ढब्ब. पुढचा, ढब्ब. तिसरा, तोही ढब्ब. असं कसं होईल? तो तर परवाच खणखणीत वाजला होता! दोन वर्षं तिने ऐकले होते ते मामंजींच्या हातचे ठोके. तिच्या स्वतःच्या ठोक्याचा आवाज तिच्या ओळखीचाच नव्हता. शिवाय कानात एक घरघर भरून राहिली होती, आणि त्या घरघरीत सगळे दगड एकाच आवाजात बोलत होते. पाचव्या दगडाशी तिचा हात खाली आला.

"नाही कळत," ती पुटपुटली. "मला नाही कळत."

मागे उभे असलेले मामंजी पायांकडे बघत होते. त्यांनी एक बूट काढला आणि पाऊल रुळावर टेकवलं.

"ते यंत्र बंद करा," ते म्हणाले. "आवाज येतोय त्याचा."

सुपरवायझर चकित झाला. "मामा, तुम्हाला आवाज येतोय?"

त्याचे ओठ बघून मामंजी म्हणाले, "कानाला नाही. तळव्याला येतोय. सगळा डोंगर घरघरतोय. एवढ्यात तिला दगड ऐकू कसा यायचा?"

ऐकायच्या परीक्षेला घरघरणारा जनरेटर आणून लावला होता, आणि कान शाबूत असलेल्या एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. बाई ओशाळल्या. दिव्यांवरचा माणूस धावत बाहेर गेला. दिवे विझले, घरघर थांबली आणि बोगद्याचा नेहमीचा काळोख परत आला. लांब कुठेतरी पाणी ठिबकत होतं. ते ऐकू आलं आणि सुनेचा जीव भांड्यात पडला.

मामंजींनी तिच्या हातातून कंदील घेतला, पेटवला आणि पुन्हा पहिल्या दगडापाशी येऊन, ती रोज जिथे उभी राहायची तिथे, डाव्या हाताला उभे राहिले.

"मनगट सैल सोड," ते म्हणाले. "चोराला मारायचं नाही. शेजारणीचं दार वाजवतेस ना, तसं."

तिला त्यातही हसू आलं, आणि हसताना हात आपोआप सैल झाला. खण्. हाच तो! तिने पाऊल टाकलं आणि तिच्याबरोबर कंदीलही पुढे झाला. खण्. खण्. मग ढब्ब. खडू, वर्तुळ. तिला मग कुणाचं भान राहिलं नाही. दगड, ठोका, पाऊल.

शेवटाकडे, चौथा कोनाडा दिसायला लागल्यावर तिने एक दगड ठोकला, तो बरा वाजला, आणि ती पुढे सरकली. समोर अंधार होता. कंदील आलाच नव्हता. तिने वळून पाहिलं. मामंजी मागे थांबले होते. एका हातात कंदील आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या दगडावर टेकलेला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. ती मागे आली. पुन्हा ठोकलं, खण्. कंदील हलला नाही. तिने खालच्या कोपऱ्यात ठोकलं.

ढब्ब.

तिने खडू काढला, आणि वर्तुळ पुरं झाल्यावरच कंदील पुढे सरकला.

मशीनच्या कागदावर बारा दगड होते. तिच्या वर्तुळांत ते सगळे बारा आले, शेवटचा तो सुद्धा, आणि एक वर्तुळ जास्तीचं निघालं. "जास्तीचा एक चालतो," सुपरवायझर म्हणाला, "कमी चालत नाही." त्याने त्याच्यासमोर 'तपासावा' असं लिहिलं. बाईंनी त्या जास्तीच्या वर्तुळाचाही फोटो घेतला.

मग सुपरवायझर कंदिलाच्या उजेडात मुद्दाम मामंजींसमोर येऊन म्हणाला, "मामा, जागा राहिली. घर राहिलं. पण नाव आता हिचं लागेल, तुम्हाला घरी बसवावं लागणार मला. आणि हिच्याबरोबर कंदील धरायला वेगळा माणूस काही देता येणार नाही मला."

"नका देऊ," मामंजी म्हणाले. "माणूस घरचा आहे. मी धरीन."

बाहेर पुलावर ऊन पडलं होतं. सून हातोडी खांद्यावर टाकून पुढे चालत होती, मामंजी कंदील घेऊन मागे. पलीकडे घराच्या दारात सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांना लांबून दिसलं असणार की हातोडी कुणाच्या खांद्यावर आहे, कारण त्या एकदम आत गेल्या, आणि मग कपबश्यांचा आवाज आला. गाड्या बंद असताना.

पुलाच्या मध्यावर मामंजी मागून म्हणाले, "सूनबाई, त्या दिवशी गाडी मला ऐकू आली नव्हती."

ती थांबली. वळली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांना दिसायला नको होतं.

"आणि गुडघ्यांना काही झालेलं नाही माझ्या. कधीच नव्हतं."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, मामंजी," ती वाऱ्याला म्हणाली.

"काय म्हणालीस?"

ती डोळे पुसून वळली, आणि सगळी दरी दणाणेल अशा आवाजात ओरडली, "सावकाश चला म्हटलं! गुडघे दुखतील!"